‘कु’ कुठाय? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक तिसरीचा मुलगा, त्याच्या बाई आणि आमच्या शाळेची पद्धत

बाईंनी फळ्यावर बाराखडी लिहिली होती, क का कि की अशी सगळी ओळ. त्यांनी काठी मधेच ‘कु’वर ठेवली आणि म्हणाल्या, हे काय सांग. मुलगा एक क्षण गप्प बसला आणि मग एका दमात सुरू झाला, क का कि की कु, आणि ‘कु’ला येऊन थांबला. बरोबर उत्तर. बाईंनी काठी ‘के’वर नेली तर परत क पासून गाडी सुरू. त्याची नजर फळ्यावर नव्हतीच, दाराबाहेर होती, ओठ हलत होते आणि बोटं मांडीवर मोजत होती. काठी कितव्या घरावर आहे तेवढं बघून ठेवायचं आणि तेवढी घरं गाण्यात मोजायची. तीन वर्षं हा मुलगा असं करत होता आणि त्याला बाराखडी येते असं सगळ्यांना वाटत होतं.

हे मी बघितलं ते गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे एका गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. गावाचं, शाळेचं, कुणाचंच नाव देत नाही, मुलाला ‘मुलगा’च म्हणते. मी स्वतः बार्देश तालुक्यात लर्निंग डिफरन्स, म्हणजे वाचण्यालिहिण्यात अडचण, असलेल्या मुलांच्या एका छोट्या शाळेत शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं इंग्लिश मीडियमची, आणि ज्यांना फी आणि रोजचं नेणंआणणं झेपतं त्यांचीच. पेडणे, सत्तरी, काणकोणहून पालक फोन करायचे आणि अंतर ऐकून फोन ठेवायचे. म्हणून आमच्या शाळेने ठरवलं की मुलं येऊ शकत नाहीत तर पद्धत तरी त्यांच्या शिक्षकांपर्यंत जाऊ दे. ते ठरवल्यानंतर काय चुकलं आणि काय जमलं, ते या एका केसमधून सांगते.

पहिली चूक मोठी होती आणि ती माझी होती. आम्ही एका दिवसाचं वर्कशॉप घेतलं. हॉल, प्रोजेक्टर, दुपारी जेवण, शेवटी सर्टिफिकेट. चाळीसेक शिक्षक आले. मी डिस्लेक्सिया (हुशार मुलालाही वाचणं अवघड जातं ती अडचण) म्हणजे काय ते सांगितलं, १९३० च्या दशकात अमेरिकेत ऑर्टन या डॉक्टरांनी आणि गिलिंगहॅम या शिक्षिकेने बसवलेली पद्धत सांगितली, की अक्षर डोळ्यांनी बघायचं, तोंडाने आवाज काढायचा, कानाने तो ऐकायचा आणि हाताने गिरवायचं, हे सगळं एकाच वेळी, आणि सोप्याकडून अवघडाकडे एकेक पायरी पक्की करत जायचं. हे सगळं खरंच आहे, आजही आमची शाळा त्यावरच चालते. पण माझी उदाहरणं सगळी इंग्रजी होती, बी आणि डी उलटसुलट होतात, मग दोन्ही मुठींचे अंगठे वर करून b-e-d (बेड) या शब्दाचा आकार कसा करून दाखवायचा वगैरे. चहाच्या वेळी एक बाई माझ्याकडे आल्या, पंचविसेक वर्षं नोकरी झालेल्या, आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, “टीचर, आमच्या मुलांना बी-डीचं काही नाही, त्यांचं घ आणि ध होतं. त्याला काय करू?”

मला उत्तर देता आलं नाही. मी मराठीत वाढले, मराठीत शिकले, आणि तरी मी कधी बसून विचारच केला नव्हता की घ आणि ध मध्ये मुलाला नक्की काय दिसतं. आरशासारखी उलटी जोडी देवनागरीत जवळजवळ नाहीच, आपला घोळ वेगळा आहे. त्या बाईंचा नंबर घेतला आणि दोन आठवड्यांनी म्हापसा, डिचोली, साखळी, होंडा करत त्यांच्या शाळेत गेले.

दोन शिक्षकी शाळा. बाईंकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मिळून १९ मुलं. तिसरीच्या रांगेत कडेला हा मुलगा. वय आठ पूर्ण. घरी आई काजूच्या आणि पोफळीच्या बागेत रोजंदारीवर, घरात कोंकणी, शाळेत मराठी. बाईंचं मत असं की पोरगा हुशार आहे पण घरात मराठी नाही म्हणून वाचत नाही, आणि थोडा आळशी पण आहे. माझं मत पहिल्या दहा मिनिटांत झालं की हा सरळसरळ डिस्लेक्सिया. आम्ही दोघीही अर्ध्याच बरोबर होतो, आणि ते आम्हाला एकत्र बसल्याशिवाय कळलं नसतं.

झालं असं की मी त्याला पुस्तकातलं एक वाक्य वाचायला दिलं, बाजूला माठाचं चित्र होतं. शब्द होता ‘पाणी’. त्याने वाचलं ‘उदक’. बाई लगेच म्हणाल्या, बघा, कोंकणी येते मधे. पण जो मुलगा प आणि ण बघतोय त्याच्या तोंडून उदक येऊच शकत नाही, भाषा कुठलीही असो. त्याने शब्द वाचलाच नव्हता, चित्र वाचलं होतं. मी चित्रावर हात ठेवला आणि परत विचारलं तर तो गप्प.

उलटं उदाहरण त्याच्या वहीत होतं. त्याने ‘दूद’ लिहिलं होतं, ‘वाग’ लिहिलं होतं आणि दोन्हींवर लाल फुली. मी ती फुली बघून म्हटलं, बघा, आवाज गाळतोय. तेव्हा बाईंनी मला थांबवलं. “टीचर, आमच्याकडे बोलतातच तसं. कोंकणीत दूद असंच लिहितात.” आणि ते बरोबर होतं. त्याने जे कानाने ऐकलं ते अगदी चोख लिहिलं होतं, मराठी शुद्धलेखनात ते चूक असेल पण वाचनदोषाची ती खूण नव्हे, उलट हा मुलगा आवाज पकडू शकतो याचा तो पुरावा होता. माझ्यासारखी बाहेरून आलेली बाई ते दोषाच्या यादीत टाकून मोकळी झाली असती.

मग आम्ही दोघींनी एक संपूर्ण दुपार त्याच्या वह्या घेऊन काढली आणि चुका वेगळ्या केल्या. बोलीतून आलेल्या एका बाजूला, त्यांना फुली नाही, नुसतं शेजारी मराठी रूप लिहायचं. उरलेल्या दुसऱ्या बाजूला, आणि त्या सगळ्या एकाच चालीच्या निघाल्या: भात चं मात, धर चं घर, थवा चं यवा, पहिली वेलांटी कुठेही किंवा गायब, आणि जोडाक्षर आलं की पुढचा सगळा शब्द अंदाजाने. तोंडी पण बघितलं. ‘कमळ’मधला पहिला क काढला तर काय उरतं? बाकीची तिसरी हसत ओरडली, मळ! हा बघत राहिला. आवाजाचा तुकडा वेगळा करून बाजूला ठेवणं त्याला जमत नव्हतं, आणि वाचनाचं मूळ तिथेच असतं.

इथे जरा कायद्याचं आणि तपासणीचं सांगते कारण हे शिक्षक सगळ्यात जास्त विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे, म्हणजे हा मुलाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाचपणी करायची, आणि सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आत मिळत नाही. मराठीसाठी चाचपणीचं साधनही आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेलं ‘डाली’, ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, २०१५ पासून. आम्ही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळे आणि कान तपासून घेतले, ते कधीच टाळू नये, मग चाचपणी केली आणि मुलाला पूर्ण तपासणीसाठी पाठवलं. पण त्यासाठी आईला दोन बस बदलायच्या, एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि एका फेरीत ते होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सर्टिफिकेट परीक्षेच्या सवलतीसाठी लागतं, शिकवायला सुरुवात करण्यासाठी लागत नाही. जो मुलगा आज ‘कु’ वाचू शकत नाही त्याला कागद येईपर्यंत ताटकळत ठेवायचं काही कारण नाही.

आईला आम्ही शाळेत बोलावलं तेव्हा ती आधी दारातच उभी राहिली, तिला वाटलं तक्रार आहे. मग बसली आणि म्हणाली, “टीचर, ताका सगळें येता, वाचूंक मात येना.” सगळं येतं, वाचायला तेवढं येत नाही. आम्ही जे पानभर लिहिलं होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं, आणि गेल्या तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता पद्धत. आमच्या शाळेत एका मुलाला एक शिक्षक, ४५ मिनिटं, वाळूचा ट्रे, अक्षरांचे लाकडी ठोकळे. बाईंकडे यातलं काहीच शक्य नव्हतं, १९ मुलं, दोन वर्ग, संपवायचा पोर्शन. मी घेऊन गेलेलं वेळापत्रक त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, मला प्रार्थनेनंतरची १५ मिनिटं मिळतील, ती रोज देते, पण एकट्याला बाजूला काढणार नाही, सगळी तिसरी करेल. मी आधी विरोध केला. मला वाटत होतं त्याला वेगळं, त्याच्या वेगाने मिळालं पाहिजे. पण त्यांचं म्हणणं असं होतं की बाजूला काढला की तो उद्यापासून शाळेत यायचा नाही, आणि बाई त्या गावात राहतात, मी नाही.

वाळूऐवजी पाटी आणि पाण्यात बुडवलेलं बोट. अक्षर मोठं काढायचं, काढताना आवाज म्हणायचा, पाणी वाळेपर्यंत त्यावर परत परत गिरवायचं. वाळलं की संपलं, चूक झाली तर तीही वाळून जाते. हे मला फार आवडलं कारण या मुलाच्या वहीत खोडरबराने भोकं पडलेली होती.

क ख ग घ हा क्रम सोडला. सारखी दिसणारी अक्षरं कधीच एका आठवड्यात नाहीत. घ पूर्ण पक्का, म्हणजे न थांबता, गाण्यातून न मोजता येईपर्यंत ध फळ्यावर येऊ द्यायचा नाही. घ ला शब्द घुमट, म्हणजे मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य, कारण मुलाचा काका आरतीला घुमट वाजवतो आणि मुलगा स्वतः बाकावर तो ताल छान धरतो. घ म्हणत ताल, बोटाने पाटीवर घ. पहिले आठ दिवस तेवढंच, आणि बाकीची तिसरीही त्यात आनंदाने होती.

आवाजाचा भाग मात्र मी चुकीचा शिकवून आले होते, तो इथे दुरुस्त करते कारण वर्कशॉपला आलेल्या कुणी तो तसाच वापरला असेल. मी सांगितलं होतं, गळ्यावर हात ठेवा, क ला कंप नाही, ग ला आहे. बाईंनी करून बघितलं आणि फोन केला, दोन्हीला हातात कंप लागतोय. साहजिक आहे, आपण क म्हणतो तेव्हा त्यात अ असतोच आणि अ ला गळा हलतोच. पाय मोडलेला क् आणि ग् म्हणायला हवा आणि ते तिसरीच्या मुलाला जड जातं. म्हणून गळा सोडून दिला आणि तोंडासमोर कागदाची बारीक पट्टी धरली. त म्हटलं की पट्टी जेमतेम हलते, थ म्हटलं की उडते. ज्या घरात दूद म्हणतात तिथल्या मुलाला द आणि ध चा फरक नुसत्या कानाने सांगून कळत नाही, त्याला तो असा डोळ्यांनी दाखवावा लागतो. आणि दूद चुकीचं असं न म्हणता, हे घरचं, हे पुस्तकातलं, दोन्ही आपलंच, असं सांगून दाखवावा लागतो.

ध ची पाळी आली तेव्हा जुलै लागला होता, बाहेर पाऊस. बाईंनी फळ्यावर घ आणि ध शेजारी काढले, मुद्दाम मोठे, आणि विचारलं, काय वेगळं? मुलं काय काय सांगत होती, पोट, गाठ, शेपूट. आमचा मुलगा बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, “बाई, ध चं कौल उडालंय.”

घ ला वर पूर्ण रेघ आहे. ध ला डावीकडे नाही, तिथे नुसती गाठ आहे आणि वर उघडं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण पुढचं आम्हाला त्याच क्षणी दिसलं: भ चं पण कौल उडालेलं, म चं शाबूत. थ चं उडालेलं, य चं शाबूत. त्याच्या वहीतल्या ज्या तीन जोड्या आम्ही वेगळ्या काढल्या होत्या त्या तिन्ही एकाच खुणेने सुटत होत्या. तेव्हापासून तिसरीत नियम झाला, वाचायच्या आधी कौल बघ. आणि ध चा शब्द झाला धो धो, धो धो पावसात कौल उडालं. मी बार्देशात परत येऊन आमच्या शाळेत मराठी घेणाऱ्या मुलांना हेच शिकवलं, आता आमच्या कार्डांवर ध, भ, थ ला वर उघडी जागा लाल रंगात दाखवलेली आहे. पद्धत आम्ही द्यायला गेलो होतो, पण आमच्या कार्डात सुधारणा त्या वर्गातून आली, आणि तसं कार्डाच्या मागे आम्ही लिहिलंय, सत्तरीतल्या एका तिसरीच्या वर्गाने सुचवलं म्हणून.

पहिल्या वेलांटीचं वेगळं. ती डोळ्याला आधी दिसते आणि तोंडाला नंतर येते. बाईंनी दोन मुलं उभी केली, एकाच्या गळ्यात च ची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात वेलांटी, वेलांटीवाला च च्या डावीकडे उभा पण बोलायचं मात्र त्याने दुसऱ्यांदा. च्–इ, चि. मग तिसरा ब घेऊन येतो, दुसरा उकार त्याच्या पायाशी बसतो, मग ड. चिबूड. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती म्हणून शब्द सगळे माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या सजावटीचे, घेतले होते. नारळ, सुपारी, तोरिंजन, नीरफणस, कवंडळ. या मुलाला रानातलं माटोळीचं सामान सगळं माहीत, कुठल्या डोंगरावर काय मिळतं ते पण, इतर मुलं त्याला विचारत होती. खऱ्या वस्तू दोरीला टांगल्या आणि खाली नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या. त्याने ‘कवंडळ’ची चिठ्ठी उचलली, बोट एकेका अक्षराखाली नेलं, क, वं, ड, ळ, आणि मग कवंडळाकडे गेला. आधी वस्तूकडे बघितलं नाही. पाच मिनिटांत झालेली गोष्ट आहे, बाहेरून कुणाला विशेष वाटणार नाही, पण चित्र बघून उदक म्हणणारा मुलगा होता हा.

सगळं असं चढतच गेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो बरंच विसरून आला, तीन आठवडे मागे जावं लागलं, आणि बाईंना वरून पोर्शनबद्दल विचारणा झाली. मार्चमध्ये काजूचा सीझन, आईबरोबर डोंगरावर जायचा, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. जूनमध्ये जी २० शब्दांची यादी घेतली होती त्यातले ३ वाचले होते, मार्चअखेर तीच यादी दिली तर १४. चुकलेले सहाही जोडाक्षरांचे. अजून तो सावकाश वाचतो, एक ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरतो, म्हणून त्याची परीक्षा बाईंनी तोंडी पण घेतली आणि परिसर अभ्यासात त्याची उत्तरं वर्गात सगळ्यात चांगली होती.

आमच्या शाळेत या सगळ्यावर वाद झाला. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, वर्षानुवर्षं बसवलेलं मटेरिअल असं वाटून टाकलं आणि कुणी अर्धवट वापरलं तर नाव आपलं खराब होतं. ही काळजी खोटी नाही, मी स्वतःच गळ्याचं चुकीचं शिकवून आले होते. पण त्यावर उपाय मटेरिअल कुलपात ठेवणं हा नाही, परत परत जाणं हा आहे. म्हणून आता आम्ही एका दिवसाचं वर्कशॉप घेतच नाही. वर्षाला पाचच शाळा, पंधरा दिवसांनी एकदा जायचं, त्या वर्गात मागे बसायचं, शिकवायचं त्या शिक्षकाने, आपण बघायचं आणि नंतर बोलायचं. मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाच्या वाचनाचा ऑडिओ येतो आणि त्यावर आम्ही बोलतो. पाच शाळा म्हणजे फार थोड्या आहेत हे मला दिसतं, पण चाळीस सर्टिफिकेटांमधून एकच बाई चहाच्या वेळी प्रश्न घेऊन आली होती हेही मला दिसतं.

मुलगा आता चौथीत आहे, त्याच खोलीत, त्याच बाईंकडे, म्हणून पंधरा मिनिटं चालू आहेत. सरकारी तपासणीची दुसरी फेरी बाकी आहे, आई म्हणते पोफळीचं काम संपलं की जाऊ. बाईंनी परवा विचारलं, ‘सूर्य’ कसा शिकवायचा, र तोंडात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, वेलांटीच्या बरोबर उलटं, आणि हा मुलगा नेमका तिथे अडलाय. रफाराचं कार्ड आमच्याकडे नाही. येत्या गुरुवारी मी जातेय, दोघी बसून करणार आहोत, आणि त्या म्हणाल्या आधी मुलांना विचारू, त्यांना तिथे काय दिसतं ते.